चपलांचे दहा जोड

समोरच्या माणसाचं वाक्य पुरतं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. त्यानं तोंड उघडलं की पुढं काय येणार ते मला कळायचं (असं मला वाटायचं) आणि मी तिथंच उत्तर देऊन मोकळी व्हायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "हिच्या दारात यमदूत आला तर कुणाला न्यायला आलाय हे सांगायच्या आत ही त्याला हाकलून देईल." त्या हे कौतुकानं म्हणायच्या, आणि मलाही ते कौतुकच वाटायचं.

आमचं घर सिकंदराबादला, स्टेशनपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. वर आम्ही, खाली भाडेकरू. सासरची माणसं मूळची निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखातली, शेतीवाडीची. सासऱ्यांनी हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या दोन खोल्यांत उमेदीची वर्षं काढली, मग ही जागा घेऊन वर-खाली बांधलं आणि लवकरच गेले. खालच्या पहिल्या भाडेकरूनं आम्हाला असं काही रडवलं की दुसरा ठेवताना मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. पण झालं असं की दुसरा आला तो नेमका मी माहेरी असताना, आणि बोलणी केली आमच्या ह्यांनी. मराठी बोलणारा माणूस दिसला की हे लोण्यासारखे विरघळतात, हैदराबादेत तर जास्तच.

आलेले गृहस्थ रेल्वेतले निवृत्त गार्ड. आम्ही त्यांना गार्डकाका म्हणायला लागलो आणि त्यांच्या बायकोला काकू. आडनाव कोकणातल्या गावाचं. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, तोंडात "अगं बाई". आणि जात विचारली तर म्हणे, "आम्ही इस्रायल. यहुदी." पुढच्या मोठ्या खोलीत शनिवारी आणि सणावारी त्यांची माणसं प्रार्थनेला जमतील, एवढंच त्यांनी ह्यांना सांगितलं होतं, आणि हे "हौ, त्यात काय" म्हणून मोकळे झाले होते.

"यहुदी काय असतात?" मी विचारलं.

"असतात," हे म्हणाले. "जुने लोक आहेत."

"जुने म्हणजे? आपण काय कालचे?"

ह्यावर ह्यांनी पेपर उघडला. मला मात्र चैन पडेना. एखादा माणूस आपल्यापेक्षा वेगळा असला की आपण सावध राहतो, ते ठीक. पण हे लोक इतके आपल्यासारखे होते, भाषा आपली, साडी आपली, कढीत कोथिंबीर आपल्यासारखी, की मला वाटलं यात नक्की काहीतरी लपवलेलं आहे. आत्याबाईंना हे सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. त्यांनाही संशय घ्यायला फार लागत नसे, आणि त्यांचं कारण माझ्यापेक्षा मोठं होतं. त्या दहा-बारा वर्षांच्या असताना रझाकारांच्या भीतीनं त्यांचं अख्खं घर गाव सोडून सोलापूरकडे पळालं होतं. मागं राहिलेला चुलता पुन्हा कुणाला दिसला नाही. त्यामुळे आमच्या घरात 'मशीद' हा शब्दसुद्धा मोठ्यानं उच्चारत नसत. पुढच्या तिसऱ्या गल्लीत एक होती, तर रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आत्याबाई म्हणायच्या, "त्या हिरव्या इमारतीच्या अलीकडं थांब." गार्डकाकांनी हे पहिल्याच आठवड्यात ऐकलं असणार, कारण आत्याबाईंचा आवाज जिना उतरून अंगणात जायचा.

मग सुरू झाली माझी पाळत. एक दिवस रेल्वेच्या पार्सलातून काहीतरी लांबट आलं, रजईत गुंडाळलेलं. चार माणसांनी ते बाळंतिणीच्या खोलीतून तान्हं मूल आणावं तसं आत नेलं. शहर दोनच वर्षांपूर्वी पेटलं होतं, कर्फ्यूत आम्ही आठ दिवस डाळभात खाऊन काढले होते, आणि हे लोक लांबट वस्तू रजईत गुंडाळून आणतात! मी सरळ खाली गेले आणि काकूंना विचारलं. त्यांनी हसत आत नेलं. सागवानी कपाट, मखमलीचा पडदा, आत चांदीची टोपी घातलेली कातड्याची गुंडाळी. "आमचं पुस्तक," त्या म्हणाल्या. "मुंबईहून काही वर्षांसाठी मागून आणलं." वर काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा जळत होता. मी दिव्याला हात जोडले, पण वर येऊन ह्यांना म्हटलं, "पुस्तकाला टोपी कशाला लागते?"

शनिवारी दुपारी गार्डकाका दोन घरांतल्या मुलींना त्यांची अक्षरं शिकवायचे. आलेफ, बेत, गिमेल असं सुरात चालायचं, आमच्या पाढ्यांसारखं. मी जिन्याच्या खिडकीतून पाहिलं तर पुस्तक उजवीकडून डावीकडे! आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उर्दूच असेल, दुसरं काय." पावसाळा सरताना तर एक दिवस खालून शिंग वाजलं. मेंढ्याचं शिंग. लांब, रडवेलं. आत्याबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. काकू नंतर वर येऊन म्हणाल्या, "आमचा नव्याचा सण हो. वर्ष सुरू झालं." एवढं म्हणून त्या आणखी काही सांगणार होत्या. "उद्या सकाळीसुद्धा आमच्या म..." त्या म्हणाल्या, आणि मागं उभे असलेले गार्डकाका खाकरले. काकूंनी वाक्य वळवलं. "आमच्या प्रार्थनेला माणसं येतील."

म? म म्हणजे काय? मी आठवडाभर त्या 'म'ला धरून बसले. मंडळ? मठ? मीटिंग? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "महागाई."

हळूहळू सणांची नावं तोंडपाठ झाली, कारण ती सगळी मराठी होती. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीच्या सुमाराचा त्यांचा होळीचा सण. नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वर पाच फळं मांडलेली, आणि सगळ्यांनी मिळून एका पैगंबराची आळवणी. ताटली वर यायची. आत्याबाई ती कामवालीला देऊन टाकायच्या आणि मी कामवालीकडून अर्धी परत घेऊन स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून खायचे. संशय संशयाच्या जागी, पोहे पोह्यांच्या जागी.

आणि मी चपला मोजायचे. प्रार्थना असली की पायऱ्यांशी पुरुषांच्या चपला ओळीनं असायच्या. बायकांच्या कधी चार, कधी सात, मुलांच्या कितीही. पण पुरुषांचे जोड निदान दहा. दहा झाले की आतून आवाज सुरू व्हायचा. नऊ असले तर गार्डकाका फाटकाशी येऊन रस्त्याकडे बघत उभे राहायचे. अशी मोजदाद कोण करतं? टोळ्या करतात. शेवटी एका शनिवारी मी त्यांना तोंडावर विचारलं, "काका, दहाच का?"

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "दहा पुरुष जमल्याशिवाय आमची पुरी प्रार्थना होत नाही, बाई. नऊ जण बसून देवाचं नाव घेता येतं. पण मेलेल्या माणसासाठी जी म्हणायची असते, कद्दीश, ती नवांत म्हणता येत नाही."

"आणि नवांत म्हटली तर?"

"तर ती म्हटलीच नाही असं होतं."

मला ते हट्टी वाटलं. देव काय हजेरी घेतो? पण त्या दिवसापासून माझं मोजणं बदललं. संशय होताच, त्यात आता थोडी काळजी मिसळली. दहावा आला नाही की मीही वरून रस्त्याकडे बघायचे.

मग ती वर्षं आली जेव्हा सगळंच उघडायला लागलं. गल्लीत पिवळ्या पाटीचं एसटीडीचं दुकान निघालं, गच्च्यांवर डिशच्या थाळ्या आल्या, ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबानं परदेशी कंपनीत उडी मारली. खालच्या लोकांसाठी आणखी एक दार उघडलं. इस्रायलचं जाणं-येणं सोपं झालं. दर सहा महिन्यांनी एक घर निरोप घ्यायला यायचं. काकूंनी पुऱ्या तळायच्या, सगळ्यांनी रडायचं, आणि पुढच्या शनिवारी चपला कमी व्हायच्या. बारा-तेरा पुरुषांचे दहा झाले. त्या उन्हाळ्यात आणखी एक गेला आणि नऊ उरले.

त्याच उन्हाळ्यात काकू गेल्या. ताप आला, चार दिवसांत संपलं. मी त्यांच्या उशाशी होते. मी इतकी रडले की मलाच नवल वाटलं, कारण पाच वर्षं मी त्या बाईवर पाळत ठेवली होती.

काकूंना एक धाकटा भाऊ होता, पुण्याला. बारा वर्षं तो बहिणीच्या दारात आला नव्हता. कारण काकूंनीच मला एकदा सांगितलं होतं. त्यांची आई गेली तेव्हा गार्डकाका ड्यूटीवर होते, मालगाडी कुठल्याशा सिग्नलला सात तास अडकली, आणि हे परत येऊन बायकोला घेऊन निघेपर्यंत उशीर झाला. त्यांच्यात मढं ठेवत नाहीत, त्याच दिवशी माती देतात. काकू पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. भाऊ म्हणाला, "दाजींना गाडी मोठी, माणूस लहान." तेव्हापासून बोलणं बंद.

गार्डकाकांनी आता त्या मेहुण्याला पत्र लिहिलं. लिहून झाल्यावर ते माझ्याकडे वर आले. "बाई, तुमचा फोन नंबर दिलाय पत्रात. शेजाऱ्यांचा, पीपी म्हणून. स्टेशनवर उतरला की तो फोन करेल. मला हाक मारा, मी घ्यायला जाईन."

"कशासाठी येतायत?"

"दारफाळणीचा सण आहे," ते म्हणाले. "दार फाळणं म्हणजे दार लावून घेणं. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत दार बंद, उपास, पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी गेलेली माणसं घरी येतात असं आमची जुनी माणसं मानतात. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत निघतात." त्यांनी जिन्याखाली, आपल्या दाराकडे पाहिलं. "तिचं हे पहिलं येणं. घरात असेल तेव्हा तिच्यासाठी कद्दीश व्हावी. आम्ही नऊ आहोत. तो दहावा."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं मला. मी "हौ काका, मारेन हाक" म्हटलं होतं. हे मी लपवत नाही.

तो दिवस उजाडला. शहरात कुठल्याशा मिरवणुकीवरून पुन्हा कुरबूर सुरू झाली होती, चौकात पोलिसांची गाडी उभी होती. आत्याबाई सकाळपासून खिडक्या लावत फिरत होत्या. दुपारी चारनंतर फोन वाजला. मला वाटलं, मेहुण्यांचाच.

"हॅलो," एका पुरुषाचा आवाज, घाईतला. "खाली मशिदीत जरा..."

"राँग नंबर!" मी फोन ठेवला. आत्याबाई बघत होत्या. "कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काय की बाई."

पाच मिनिटांनी पुन्हा. तोच आवाज. "अहो, ठेवू नका. मशिदीत निरोप..."

"पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन!" मी ओरडले. "आमच्या घरात मशीद म्हणता? लाज वाटते का?" आणि रिसीव्हर बाजूला काढूनच ठेवला.

लोक त्या दिवसांत असे फोन करतात असं ऐकलं होतं. घरं हेरतात, धमक्या देतात. मी आणि आत्याबाईंनी मिळून अर्ध्या तासात राईचा पर्वत केला. मेहुण्याचा फोन यायचाय हे मला आठवत होतं बरं का! मी मनाशी म्हणतही होते की या मेल्यांच्या भीतीनं रिसीव्हर काढून ठेवावा लागला, आता त्या बिचाऱ्याचा फोन लागायचा कसा. अशी मी शहाणी.

साडेपाचच्या सुमाराला फाटक वाजलं. खाली उतरले. पन्नाशीचा माणूस, पांढरा सदरा, पांढरी विजार, दाढीचे खुंट, डोक्याला गोल टोपी, हातात रेक्झिनची पिशवी. घामाघूम झालेला.

"बाई, या गल्लीत मशीद..."

"इथं मशीद-बिशीद नाही," मी म्हटलं. "पुढं जा. तिसरी गल्ली. हिरवी इमारत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं खालच्या मजल्याच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, पायऱ्यांवर रबरी चपला होत्या. पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि वळून चालू लागला. मी फाटकाला कडी घातली. वर येऊन आत्याबाईंना म्हटलं, "हाकलला एकाला." त्या म्हणाल्या, "बरं केलंस."

थोड्या वेळानं गार्डकाका जिन्याच्या तळाशी आले. तेही पांढऱ्या कपड्यांत. "फोन?" त्यांनी विचारलं.

"नाही हो काका. नुसते राँग नंबर."

"चारची गाडी वेळेवर आली," ते म्हणाले. "मी शिट्टी ऐकली." आयुष्यभराचा गार्ड, घरात बसून गाड्या ओळखायचे. ते फाटकापर्यंत गेले, कडी काढली, रस्त्याकडे बघत उभे राहिले. सूर्य पाण्याच्या टाकीमागं गेला तेव्हा आत आले आणि दार लावलं.

मी वरून चपला मोजल्या. त्या दिवशी ते चामडं पायात घालत नाहीत, म्हणून सगळ्या रबरी. नऊ जोड.

दुसऱ्या दिवशी दिवसभर ते दार उघडलं नाही. आतून कधी नऊ गळ्यांचा एकत्र आवाज, कधी काहीच नाही. दिवस मावळल्यावर शिंग वाजलं. आत्याबाईंनी या वेळी हातातलं काही खाली टाकलं नाही. नुसतं म्हणाल्या, "म्हातारा उपाशी असेल," आणि मला भाताला आधण ठेवायला सांगितलं.

शिळ्या सणाच्या सकाळी मी ताटलीत थोडे लाडू घेऊन खाली गेले. काकू असताना त्या दिवशी पुऱ्या वर यायच्या. या वर्षी तळणार कोण? गार्डकाका खुर्चीत बसले होते, एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारे झालेले. "आला नाही," ते म्हणाले. "बारा वर्षांचा राग. मी समजू शकतो. पण बहिणीसाठी तरी..." मला त्या न आलेल्या माणसाचा असा संताप आला! मी म्हणणारच होते की काका, असल्या माणसाचं तोंडसुद्धा बघू नका.

तेवढ्यात दारात सावली पडली. पांढरा सदरा, चुरगळलेला. रेक्झिनची पिशवी.

माझ्या हातातली ताटली तिरपी झाली. लाडू गडगडत कपाटाखाली गेले. त्यानं मला ओळखलं होतं. माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"दाजी," तो म्हणाला. "माफ करा. गाडी लेट होती."

गार्डकाका उठले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की काय सांगू. "कुठली गाडी?" त्यांनी शांतपणे विचारलं. "चारची? ती तीन सत्तावन्नला फलाटाला लागली. मी गार्ड होतो रे. माझ्याशी गाडीचं खोटं बोलू नकोस. यायचं नव्हतं तर तसं सांग."

तो खाली मान घालून उभा. बोलला असता तर मी सुटले असते. किंवा मी गप्प राहिले असते तरी सुटले असते, कारण तो माझं नाव घेणार नव्हता हे मला दिसत होतं. का घेणार नव्हता? मी कोण त्याची? मला आजही ते नीट कळलेलं नाही, आणि खरं सांगते, कधीकधी अजून संशय येतो की त्यानं मला लाजवायलाच तसं केलं.

"काका," मी म्हटलं. "हे आले होते. परवाच आले होते. मीच हाकललं."

मग सगळं सांगितलं. फोन, पोलिसांची धमकी, फाटक, हिरवी इमारत. गार्डकाका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्यानं विचारलं काय नक्की?"

"मशीद," मी म्हटलं. तो शब्द त्या खोलीत मी पहिल्यांदा उच्चारला. "मशीद कुठं आहे."

गार्डकाकांनी दोन्ही हात तोंडावर धरले. मला वाटलं रडतायत. हसत होते. मग रडत होते.

"अगं, हीच," ते म्हणाले. मला ते कधी अगं म्हणत नसत. "हीच मशीद. आम्ही आमच्या देवळाला मशीदच म्हणतो. कोकणात आमचे आजे-पणजे तेच म्हणत आले, मुंबईतही आमचे लोक तेच म्हणतात. दुसरा शब्द ह्याला कुठून सुचणार? इथं आलो आणि पहिल्याच आठवड्यात वरून तुझ्या सासूबाईंचं बोलणं कानावर पडलं. म्हटलं, हा शब्द या घरात नको. पाच वर्षं जिभेखाली दाबून धरला. तिच्या तोंडून निसटायला लागला की मी खाकरायचो."

म. म्हणजे तो म.

मेहुणे तेव्हा पहिल्यांदा बोलले. "तोच आवाज होता," ते म्हणाले. "फोनवरचा आणि फाटकातला. मला वाटलं, दाजींनीच सांगून ठेवलंय की हा आला तर आत घेऊ नका." तरी ते हिरव्या इमारतीत विचारायला गेले होते. तिथल्या बांग देणाऱ्या म्हाताऱ्यानं त्यांना बसवून घेतलं होतं, पाणी विचारलं होतं. "यहुदी? इधर तो नै मियां," म्हणाला, आणि अंधार पडत होता म्हणून स्टेशनपर्यंत सोबत चालत आला. दारफाळणीचा अख्खा दिवस मेहुण्यांनी वेटिंग रूमच्या भिंतीकडे तोंड करून, उपाशी, एकट्यानं काढला होता.

"आज ती आहे अजून?" मी विचारलं. "काकू?"

गार्डकाकांनी मान डोलावली. "आज निघतात."

मी वर धावले. ते सगळे कामावर जाणारे लोक, कोण अंबरपेठेत, कोण रेल्वे क्वार्टर्समध्ये. आठ घरं. तिघांकडे फोन होते, बाकीच्यांच्या शेजाऱ्यांचे नंबर गार्डकाकांनी कागदावर लिहून दिले. आत्याबाई समोर पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी पहिला नंबर फिरवला आणि म्हटलं, "मी गार्डकाकांच्या वरून बोलते. दहावा माणूस आलाय. पाच वाजता मशिदीत या."

आत्याबाईंचा हात थांबला.

"कुठं?" पलीकडचा माणूस म्हणाला. त्याला वाटलं असणार त्यानं चुकीचं ऐकलं.

"मशिदीत," मी म्हटलं. "आमच्या घरी, खाली."

आठ वेळा म्हटलं. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत आत्याबाई पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या होत्या. शेवटचा फोन ठेवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "दिव्याला तेल आहे का त्यांच्याकडं?" आणि खोबरेलची बाटली माझ्या हातात दिली.

सगळे आले. सगळे म्हणजे, एकजण सोडून. अंबरपेठेतला एक जण कंपनीच्या कामासाठी सकाळच्याच गाडीनं विजयवाड्याला गेला होता, शनिवारपर्यंत परत येणार नव्हता. त्याच्या बायकोनं शेजाऱ्यांच्या फोनवर रडत मला सांगितलं होतं आणि मी ते कुणाला बोलले नव्हते. म्हटलं, येईल कुठून तरी कुणी. मला त्या दिवशी देवाची हजेरी घ्यायची सवय मोडायची होती.

पाच वाजून गेले. मी पायऱ्यांशी उभी होते. गार्डकाका बाहेर आले, मेहुणे त्यांच्या मागं. काकांनी ओळीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं की मी मोजते. पाच वर्षं ठाऊक होतं.

"किती झाले, बाई?"

मी पुन्हा मोजल्या. डावीकडून, मग उजवीकडून.

"नऊ," मी म्हटलं.

मग मेहुणे म्हणाले, "मी शनिवारपर्यंत थांबतो, दाजी. रजा वाढवतो."

"शनिवारपर्यंत ती कुठं असणार?" मी बोलून गेले. पुन्हा उचलली जीभ लावली टाळ्याला. मला माझीच चीड आली.

गार्डकाका फाटकाकडे, रस्त्याकडे बघत होते. पण या वेळी ते दार लावायला आत गेले नाहीत.

"थांबेल ती," ते म्हणाले. "गार्डाची बायको आहे."